मालाची गाडी, माणसाची गाडी

आमच्या मुदखेडचं जाणं-येणं आधी सगळं रेल्वेवर होतं. हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाईन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमाराला सुरू झाली, पुढं आदिलाबादचा फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. पण शेतातून स्टेशनावर माल न्यायचा तर बैलगाडीच. ज्याची ऐपत त्याच्या दारात दोन वाहनं असायची, मालाला गाडा आणि माणसाला दमणी. आमच्याकडं एकच गाडा. त्यातच शेणखत, त्यातच कापूस, आणि त्यातच कडबा अंथरून माझी आई माहेराला जायची. नवं लुगडं गठुड्यात ठेवायची आणि माहेरच्या शिवारात गेल्यावर विहिरीवर बदलायची. जुन्याला खताचा वास लागलेला असायचा.

मग टेम्पो आला. हे खरं तर एका कंपनीचं नाव. जर्मनीत हॅम्बुर्गला टेम्पो नावाचा कारखाना होता, त्याच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो काढली आणि तीनचाकी मालगाड्या रस्त्यावर आणल्या. मागून मॅटाडोर आली. गाडी कोणत्याही कंपनीची असो, आपल्याकडं तिला टेम्पोच म्हणतात.

माझं लगीन झालं तेव्हा आम्ही फुलशेती नवीनच धरली होती. गुलाब, मोगरा, काकडा, दसऱ्याला झेंडू. फुलं दिवस उगवायच्या आत तोडायची आणि बाजार भरायच्या आत नांदेडात पोचवायची. तासभर उशीर झाला की भाव निम्म्यावर. चारपाच शेतकरी मिळून भाड्याचा टेम्पो करायचो. पुढं ड्रायव्हरजवळ आम्ही गडीमाणसं, मागं हौद्यात पोती आणि पोत्यांवर बायका. एका दसऱ्याला परत येताना गाडी खड्ड्यात आदळली, आमच्या मालकिणीच्या कमरेत फाळका बसला. पोरगं मांडीवर होतं, ते तिनं सोडलं नाही. कमर अजून दुखते. आम्ही पुढं बसलेल्यांना ते गावात उतरल्यावर कळलं.

परवा स्वतःची गाडी घ्यायचा विषय निघाला तेव्हा हे माझ्या ध्यानातही नव्हतं. पोरगा नांदेडला नोकरीला आहे, रोजचं अपडाऊन. वीस-पंचवीस किलोमीटर मोटरसायकलीवर पावसापाण्यात जातो. त्यानं फुलं नेऊन टाकावी आणि तसंच कामावर जावं, असा बेत होता. तो म्हणे छोटा हत्ती घेऊ. टाटांनी २००५ साली काढलेली ही एस गाडी, दोन सिलिंडरची, पाऊण टनाची. बोळीतून वळते, हप्ताही झेपतो. माझं मन बोलेरो पिकअपवर होतं. पाटे मजबूत, दीड टन टाकला तरी कुरकुरत नाही. दोघं वहीत हिशोब मांडून बसलो. मालकीण भाकरी थापत होती. तिथूनच म्हणली, "तुमी दोघं मालाचाच हिशोब करूलालाव. मी कुठं बसू ते सांगा की आधी."

मी म्हणलं, मागं बसशील की, आतापर्यंत बसलीसच. ती काही बोलली नाही. भाकरी तेवढी करपली.

रात्री वही परत काढली. जड माल म्हणजे खताची पोती आणि दसरा-दिवाळीचा झेंडू. वर्षात सगळे मिळून बारा-पंधरा दिवस. एरवी रोजची दोन-तीन क्विंटल फुलं. पोराचं अपडाऊन मात्र वर्षातले तीनशे दिवस. शिवाय दवाखाना, बाजार, लग्नकार्य. म्हणजे मी पंधरा दिवसांसाठी दीड टन विकत घेत होतो. आणि हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. काही झालं तर विमावाला हात झटकून मोकळा. एवढ्या वर्षांत आम्ही कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

शेवटी कॅम्पर बघितली. बोलेरोचीच, पण दोन रांगा सीटच्या आणि मागं आखूड हौदा. नवी परवडेना, एका ठेकेदाराची जुनी घेतली. अडचण आहेच. फुलाला वजन नसतं, जागा लागते, आणि एकावर एक क्रेट चढवले की खालचा गुलाब दबतो. लोहाराकडून हौद्यात दोन कप्प्यांचा लोखंडी मांडव करून घेतला. पावसाळ्यात काळ्या रानात ती जात नाही, तेव्हा डांबरीवर उभी करून डोक्यावर टोपली आणावी लागतात. गावात लोक म्हणतात, एवढ्या पैशात धड पिकअप आली असती. येतीच.

पहिल्या खेपेला मालकीण मधल्या सीटवर बसली. दार कसं लावायचं ते पोरानं दाखवलं. थोडं पुढं गेल्यावर मी वळून बघितलं तर मोगऱ्याचं टोपलं तिच्या मांडीवर. "मागं ठेवायचं की," मी म्हणलं.

"वारं लागतंय त्याला तिथं," ती म्हणली.