बाईंनी हात वर केला

शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहावं, ही पुण्याची जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री 'शालापत्रक' संपादित करत. मासिकात मात्र लिहिणारे थोडे, वाचणारे पुष्कळ. 2017 मध्ये 'दीक्षा' आलं; तिथूनही शिक्षक मुख्यतः तयार साहित्य घेत.

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली. एप्रिलमध्ये पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरून वाहू लागले. तेव्हा निवृत्तीला आलेल्या आपल्या बाईंचा फोन आला, "लिंक उघडते गं, पण ग्रुपवर विचारू कसं?"

मी बटणं समजावत बसले. अडचण बटणांची नव्हतीच. जन्मभर उत्तरं दिलेल्या बाईंना सगळ्यांसमोर 'मला जमत नाही' लिहायचा संकोच होता. अखेर त्यांनी लिहिलं. पाठोपाठ चौघांचे निरोप आले, 'मलाही.'

वर्गात हात वर करायला मी कायम घाबरले. ते धैर्य बाईंनी मला शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी शिकवलं.