डी अँड डीची पाचवी आवृत्तीच एवढी का चालली?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिली असेल, तर तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुलं आठवत असतील. तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली अमेरिकेत आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे पात्रं होतात आणि अवघड प्रसंगी निकाल फासा देतो. ॲपला अपडेट येतात तशा याला आवृत्त्या येतात. सगळ्यात गाजली ती 2014 ची पाचवी. का?

नियम हलके झाले. आधी बारीकसारीक बोनस आणि दंडांची बेरीज करावी लागायची. पाचवीत परिस्थिती अनुकूल असेल तर 20 बाजूंचा फासा दोनदा टाका, मोठा आकडा घ्या. प्रतिकूल असेल तर लहान. 11 किंवा जास्त पडण्याची शक्यता एरवी 50 टक्के, अनुकूल असताना 75, प्रतिकूल असताना 25. नगरला सुट्टीत मित्रांना मी एवढंच सांगितलं आणि खेळ सुरू झाला.

सुरुवात फुकट. मूलभूत नियमांची पीडीएफ कंपनीने मोफत दिली.

खेळ बघता आला. 2015 मध्ये ‘क्रिटिकल रोल’चं लाइव्ह स्ट्रीमिंग सुरू झालं, 2016 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आली. मालिकेतली मुलं ऐंशीच्या दशकातले नियम खेळतात, पण बघणारे दुकानात गेले तेव्हा समोर पाचवी होती. 2020 च्या लॉकडाउनमध्ये हाच खेळ व्हिडिओ कॉलवर गेला.

परवाना खुला. माझ्या मते खरी गोम इथे आहे. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम इतरांना वापरता येत होते. 2008 च्या चौथीने अटी कडक केल्या, आणि बरेच खेळाडू तिसरीवरच बेतलेल्या ‘पाथफाइंडर’कडे गेले. 2016 मध्ये पाचवीचे नियम खुले झाले. जानेवारी 2023 मध्ये कंपनी परवाना बदलू पाहत होती. खेळाडू भडकले, अनेकांनी सबस्क्रिप्शन बंद केलं. त्याच महिन्यात तो मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला. आता तो परत काढून घेता येत नाही.

याचा आपल्याला उपयोग? श्रेय देऊन हा नियमसंच कोणीही मराठीत आणू शकतं, विकूही शकतं. फक्त त्यात सगळी पुस्तकं येत नाहीत, आणि कंपनीचा लोगोही वापरता येत नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला. त्यापुढे हे काम फारच छोटं आहे. परवानगी आहे, आता कोणीतरी बसून करायला हवं.