नदीपाशी मागितलेली वाट

देवापाशी काय मागावे, हा प्रश्न धर्माच्या इतिहासात फार जुना आहे. मोक्ष मागावा, भक्ती मागावी, निदान सद्बुद्धी तरी मागावी, असे आपणांस लहानपणापासून शिकविलेले असते. माणूस प्रत्यक्षात मागतो ते मात्र निराळेच. पाऊस वेळेवर पडावा, गाय सुखरूप व्यावी, वाटेत गाडी अडू नये! सुशिक्षित माणसाला अशा मागण्यांची थोडी लाज वाटते. ही लाज कितपत सयुक्तिक आहे, हे पाहावयाचे तर आपल्या सर्वांत जुन्या वाङ्मयाकडे, ऋग्वेदाकडे, गेले पाहिजे.

ऋग्वेदाची मंडले १० व सूक्ते १०२८ आहेत. त्याच्या काळाविषयी एकमत नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' ग्रंथात ज्योतिषाच्या आधारे तो इ. स. पूर्व ४००० पर्यंत मागे नेला. आज बहुतेक अभ्यासक इ. स. पूर्व १५०० ते १००० हा काळ मानतात. कोणताही काळ धरला, तरी सूक्तांतून दिसणारा समाज एकच आहे. तो सप्तसिंधूंच्या प्रदेशात गुरे राखणारा, जव पिकविणारा, गाड्या जुंपून नव्या कुरणांकडे निघणारा समाज होय.

तिसऱ्या मंडलातील तेहतिसावे सूक्त पाहा. भरतांचा जथा गाड्या व रथ घेऊन विपाश् आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, या नद्यांपाशी येऊन ठेपला आहे. पाणी भरून वाहते आहे. बरोबर विश्वामित्र ऋषी आहेत. त्यांना हवे आहे ते इतकेच, की पाणी गाडीच्या आसाखाली उतरावे. परंतु ही मागणी ते तोंड उघडताच करीत नाहीत. आधी ते नद्यांकडे डोळे भरून पाहतात. डोंगराच्या कुशीतून निघालेल्या या दोघी त्यांना मोकळ्या सुटलेल्या घोड्यांसारख्या वाटतात, वासरांना चाटणाऱ्या गाईंसारख्या वाटतात. त्यानंतर ते विनवितात. आणि नद्या उत्तर देतात! लेकराला पाजावयास आई वाकते, तशी मी तुझ्यासाठी वाकते, असे नदी म्हणते. मात्र तिचीही एक मागणी आहे. हे बोलणे विसरू नकोस, पुढच्या पिढ्यांत आमची अवहेलना होऊ देऊ नकोस, असे ती ऋषीला बजावते. शेवटच्या ऋचेत गाडीचे निरपराध बैल सुखरूप राहोत, अशी इच्छा आहे. ज्यांच्या नावावर गायत्री मंत्र आहे, त्या ऋषींना बैलांसाठी प्रार्थना करण्यात कमीपणा वाटला नाही.

हे सूक्त एकटे नाही. उषेच्या सूक्तांत पहाटेचे रंग आधी येतात. मागाहून कवी सुचवितो, की दात्यांना जागे कर आणि कृपणांना खुशाल झोपू दे. नवव्या मंडलातील एका सूक्तात सुतार मोडलेले सामान शोधतो, वैद्य रोगी शोधतो, लोहार सोने बाळगणारे गिऱ्हाईक शोधतो आणि बेडकाला पाणी हवे असते. कवी स्वतः सांगतो, की आपली आई जात्यावर दळते. ऋषींच्या घरात काय चालत असे, हे आपणांस कळते ते अशा लहान इच्छांमुळे. राजांच्या विजयगाथांतून ते कळले नसते. उलट दहाव्या मंडलातील अरण्यानी सूक्तात कवी संध्याकाळच्या रानातले आवाज ऐकतो, न नांगरता अन्न देणाऱ्या त्या वनदेवतेची स्तुती करतो आणि काहीही न मागता थांबतो. केवळ पाहणे हीदेखील तेथे प्रार्थना आहे.

पुढे यात फरक पडला. यज्ञविधी वाढला तसतशी प्रत्येक इच्छेसाठी वेगळी इष्टी सांगितली गेली. पावसासाठी कारीरी, पुत्रासाठी पुत्रकामेष्टी. या विधींच्या मुळाशीही खरी निकड होती, हे विसरता कामा नये. दुष्काळात होरपळणाऱ्याला आपण काय म्हणून हसावे? परंतु फळ विधीच्या अचूकपणावर अवलंबून ठेवले, की आकाशाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. प्रार्थनेचा व्यवहार होतो. गीतेने दुसऱ्या अध्यायात टीका केली आहे ती फलासक्त कर्मकांडावर. तीच गीता सातव्या अध्यायात आर्त आणि अर्थार्थी यांना भक्तांच्या पंक्तीत बसविते व ज्ञान्याबरोबर त्यांनाही उदार म्हणते. गरजेपोटी देवाकडे वळलेल्या माणसाला तिने दार बंद केलेले नाही.

महाराष्ट्रात संतांनी हे दार आणखी उघडले. सावता माळी अरणगावी मळा करीत. पंढरी जवळ असूनही त्यांना विठ्ठल भेटला तो भाजीपाल्यात. जनाबाईने दळण-कांडणात देवाची सोबत मागितली. मागणे लहानच होते. पण ते देवाला कामाच्या जागी बोलावणारे होते.

तेव्हा लाज वाटावयाची ती लहान मागण्यांची नव्हे. ज्याच्यापाशी मागावयाचे त्याच्याकडे न पाहता हात पुढे करण्याची लाज वाटली पाहिजे. विश्वामित्रांची शुतुद्री आज भाक्रा धरणाने अडविलेली आहे. ते धरण १९६३ साली राष्ट्राला अर्पण झाले. नदीने वाकावे म्हणून आता ऋषी लागत नाही, दरवाजे उघडझाप करणारी यंत्रे पुरतात. या सोयीने लाखो शेते भिजली, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु ज्या नदीकडे विनंती करावी लागत नाही, तिच्याकडे पाहण्याची सवयही सुटते. आणि न पाहिलेली नदी घाण करावयास माणसाला वेळ लागत नाही. विश्वामित्रांचे मागणे एका दिवसाचे होते व ते त्याच दिवशी पुरे झाले. भरत पैलतीरी पोहोचले. नदीचे मागणे मात्र पुढच्या पिढ्यांकडे होते, आणि त्या पिढ्यांत आपणही येतो.