गाव तिथंच होतं, राज्य बदललं

कॉलेजच्या फॉर्मवर एक रकाना असतो. 'या राज्याचे रहिवासी आहात काय?' होय की नाही, एवढंच लिहायचं. पण फी किती, जागा कोणत्या कोट्यातून, शिष्यवृत्ती मिळणार की नाही, हे सारं त्या एका शब्दावर ठरतं. वाड्यातल्या पोराला हा रकाना भरायला मिनिट लागत नाही. सातबारा, घराचा उतारा, आजोबाची खरेदीखतं, सगळं पेटीत तयार. आपल्या पोराला मात्र जूनचा सगळा महिना तहसीलच्या पायऱ्यांवर काढावा लागतो. पिढ्यान् पिढ्या ज्या गावाचं मेलेलं ढोर ओढलं, ज्या गावाचा सांगावा नेला, त्याच गावचे आपण आहोत हे सिद्ध करायला!

मित्रांनो, हा काही एखाद्या कारकुनाच्या लहरीचा प्रश्न नाही. याला इतिहास आहे आणि तो आपल्याला पाठ पाहिजे.

अमरावती-अकोल्याचा नकाशा घ्या. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. १९०३ साली ते कारभारासाठी मध्यप्रांताला जोडलं. कागदोपत्री मालकी मात्र निजामाचीच राहिली. पुढे 'मध्यप्रांत व वऱ्हाड' झालं. २६ जानेवारी १९५० ला त्याचंच 'मध्यप्रदेश' झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे १९३० साली दर्यापुरात किंवा मूर्तिजापुरात जन्मलेला माणूस गावाची शीव न ओलांडता चार राज्यांचा रहिवासी झाला. गाव तिथंच होतं. महारवाडाही तिथंच, गावाच्या कडेला होता. बदलली ती वरची पाटी.

आता फीचं पाहू. रहिवासी आणि बाहेरचा असा फीमध्ये भेद करणं घटनेला धरून आहे काय, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लवकरच सर्वोच्च न्यायालयात गेला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीच्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने दाद मागितली. १९५५ साली निकाल लागला. घटनेने मनाई केली आहे ती जन्मस्थानावरून भेद करायला; रहिवास ही वेगळी गोष्ट. राज्य आपल्या तिजोरीतून कॉलेज चालवतं, तेव्हा आपल्या रहिवाशांना सवलत द्यायला हरकत नाही. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांचं मत विरोधी पडलं, पण बहुमताचा निकाल कायदा झाला. सरकारी कॉलेजात राज्यातल्याला एक फी आणि बाहेरच्याला दुसरी, या व्यवहाराला तिथून कायद्याचा आधार मिळाला.

यातली गंमत बघा. १९५५ मध्ये अकोल्याचं पोरगं मध्यप्रदेशचं, म्हणून मध्यभारतातल्या इंदूरला ते परकं. १ नोव्हेंबर १९५६ ला इंदूर मध्यप्रदेशात आलं आणि त्याच दिवशी अकोला मध्यप्रदेशातून बाहेर पडलं! पोरगं पुन्हा परकंच. 'रहिवासी' हा शब्द मातीचा वाटतो, पण तो राजपत्राचा शब्द आहे.

आपल्या लोकांसाठी तर एक कुलूप पुरलं नाही, दोन लागली. एक रहिवासाचं, दुसरं जातीच्या दाखल्याचं.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला निवेदन दिलं, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न मांडला. १९४४ पासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १० ऑगस्ट १९५० ला अनुसूचित जातींचा आदेश निघाला. राज्यवार यादी आली आणि सवलत फक्त हिंदू अस्पृश्यांना, अशी अट आली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठराव्या दिवशी आपलं राज्य बदललं. तीन आठवड्यांच्या आत धर्म नवा, राज्य नवं. फॉर्मच्या रकान्यात अभिमानानं 'बौद्ध' लिहिणाऱ्या पोराला सांगण्यात आलं, तुझी सवलत गेली. १९६० साली महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. पण राज्याने दिलेली सवलत राज्याच्या शिवेवर संपते. मेळघाट उतरून बऱ्हाणपूरला स्थायिक झालेला आपला भाऊ तिथं नुसता बौद्ध राहिला. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं!

मेळघाटाची गोष्ट तर याहून वाईट. १९५६ च्या यादीप्रमाणे अमरावती जिल्ह्यातला कोरकू आदिवासी ठरायचा तो फक्त मेळघाट तालुक्यात. तोच माणूस मजुरीसाठी खाली अचलपूरच्या सपाटीवर येऊन राहिला की तो आदिवासी नाही! एका जिल्ह्यात दोन कायदे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे तालुक्याचं बंधन काढलं. तोवर किती लेकरांचे दाखले परत गेले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मग राहिला तो राज्याराज्यांमधला बांध. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आंध्रातून आलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या वैद्यकीय कॉलेजात त्या जमातीची राखीव जागा मागता येणार नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कृती समितीच्या खटल्यात आणि २०१८ मध्ये बीर सिंग खटल्यात हेच कायम झालं. जात सोबत येते, सवलत येत नाही. अस्पृश्यतेला मात्र कुणी राज्याच्या नाक्यावर अडवत नाही!

या कायद्यामुळे १० ऑगस्ट १९५० ही तारीख आपल्या मानगुटीवर बसली. त्या दिवशी तुझा आजा कुठं राहत होता, ते दाखव. वऱ्हाडातला आजा त्या दिवशी मध्यप्रदेशात होता. १९५२ साली अकोल्याहून मुंबईच्या गिरणीत गेलेलं कुटुंब त्या काळी परराज्यात गेलं होतं. आज तेच राज्य आहे. अशा वेळी आज्याच्या दाखल्यावरचं 'मध्यप्रदेश' वाचून टेबलावरचा माणूस म्हणतो, "हे तर बाहेरचं आहे." म्हातारा हात जोडतो, "आमी तं अठीचेच हाओ साहेब." दोघंही कागद वाचत असतात. पण कागदामागचं १९५६ साल कुणी वाचत नाही. २००३ मध्ये सुधाकर विठ्ठल कुंभारे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुनर्रचनेची ही बाजू लक्षात घेतली. तिथं प्रश्न छिंदवाडा आणि विदर्भ यांचा होता. दोन्ही भाग आधी एकाच राज्यात होते आणि जमात दोन्हीकडे मान्य असेल, तर नुसतं 'परराज्यातला' म्हणून हाकलता येणार नाही, असा त्याचा रोख आहे. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत पाहिजे.

काही मित्र म्हणतात, रहिवासाची अटच मोडून काढा. घाई करू नका. १९५३ च्या नागपूर करारात आणि घटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भाला शिक्षणाचा वाटा देण्याची भाषा आली, ती का? खुली शर्यत लावली तर पुण्या-मुंबईचा शिकवणीवाला वर्ग पुढे जातो, हे दिसत होतं म्हणून. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना होत्या, ती पद्धत सरकारने २०२० साली बंद केली. दुसरीकडे १९८४ च्या प्रदीप जैन निकालात न्यायालयाने बजावलं की भारतात अधिवास एकच, तो भारताचा; रहिवासाला प्राधान्य द्या, पण मर्यादेत. २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. बाबासाहेबांनी १९४८ साली संविधान सभेत नोकऱ्यांच्या संदर्भात याचा तोल दाखवला होता. रहिवासाची अट सर्वस्वी टाळता येणार नाही, पण ती प्रत्येक प्रांताने मनाला येईल तशी घालू नये, संसदेने ठरवावी.

तेव्हा आपला झगडा अटीपेक्षा पुराव्याच्या ओझ्याशी आहे. महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्याला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. ज्याला शेत नाही त्याला सातबारा नाही. जो दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो त्याच्या पोराची शाळा तुटते. ज्याचा बाप सुरतेला कामाला आहे, त्याच्या पोरीनं दहावी तिकडं केली की इकडच्या काही प्रवेशांना ती अपात्र. भूमिहीनाला स्थलांतर करायला लावायचं आणि मग स्थलांतर केलं म्हणून बाहेरचा ठरवायचं, ही या व्यवस्थेची जुनी रीत.

पण कागद नाहीत असं नाही. वऱ्हाडात कोतवाल बुक आहे. गावातला जन्म-मृत्यू कोतवालानं सांगायचा आणि तो सरकारी वहीत उतरायचा. बऱ्याच गावी हा कोतवाल महारच होता. आपल्याच आज्यानं पायपीट करून दिलेली वर्दी आज तहसीलच्या अभिलेख कक्षात बस्त्यात बांधून पडली आहे. नातवानं नक्कल मागितली की त्याला दहा चकरा! पुरावा सरकारच्या कपाटात आहे, तर तो शोधण्याचं कामही सरकारचंच, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर आपलं काम आपणच करायचं. मे महिन्यात फॉर्म सुटण्याआधी वस्तीवस्तीत बसा. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, आज्याचा जुना दाखला एकत्र करा. १९५६ पूर्वीच्या कागदावर मध्यप्रदेश असेल, घाबरू नका. वाशीमच्या १९९८ पूर्वीच्या कागदावर अकोला जिल्हाच असणार. १९८३ पूर्वीच्या पदवीवर नागपूर विद्यापीठ असणार, कारण अमरावती विद्यापीठ तेव्हा नव्हतंच. या तारखा तोंडपाठ करा, अर्जासोबत एका कागदावर लिहून जोडा आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.