तिथं वळखीचं कोण हाय?

आजीचं माहेर-सासर दोन्ही जामखेड तालुक्यातलं. तिच्या गोष्टींत राजाराणी कमी, आजारपणंच जास्त.

सगळ्यांत जुनी गोष्ट आजेसासूने सांगितलेली, मरकीची, म्हणजे प्लेगची. काखेत गाठ आली की माणसाला कणगीमागे निजवायचे, वर गोधड्या टाकायच्या. 1897 साली पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधून नेऊ लागले, ती बातमी खेड्यांपर्यंत फुगत फुगत आली होती. "नेलेलं माणूस माघारी येत न्हाई," एवढंच लोकांनी धरून ठेवलं. मोठेपणी मी वाचलं, की त्याच सालच्या मार्चात सावित्रीबाई फुले प्लेगच्या पोराला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि 10 तारखेला त्याच रोगाने गेल्या. तिथे पोराला कुणी दडवलं नसेल. नेणारी बाई घरातलीच वाटली असेल ना!

आजीचं पहिलं मूल हगवणीने गेलं. पाण्याने जुलाब वाढतात म्हणून थोरल्यांनी त्याला पाणी तोडलं होतं. दवाखाना होता, पण एसटी दिवसातून एकदा, दिवसाची मजुरी बुडणार, आणि मागच्या खेपेला तिथे सगळ्यांदेखत "इतके दिवस झोपली होतीस का?" हे ऐकलेलं. ते वाक्य तिला मैलांपेक्षा लांब पडलं. मला अजून त्या वाक्याचा राग येतो.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक गावकुसाबाहेरच्या. आमच्या गावची बाईही तशीच. सुरुवातीला तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. आजीच्या दुसऱ्या मुलाला हगवण लागली, तेव्हा ती न बोलावता आली. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर, वर मिठाची चिमूट. बोट बुडवून आधी स्वतः चाखलं, मग आजीला चाखवलं: "आसवांहून खारट नको." चमच्याचमच्याने रात्रभर पाजत दोघी बसल्या. पहाटे पोराने लंगोट भिजवला, तेव्हा ती बाई रडली, असं आजी सांगते. सासूने त्या दिवशी तिला चुलीपाशी बसवून चहा दिला.

आता घरापासून दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे. गुडघे दाखवायला न्यायचं म्हटलं की आजी लुगडं सारखं करते, चष्मा पुसते आणि विचारते, "तिथं वळखीचं कोण हाय?"