शिडांच्या शाळेतलं हवामान

इंजिनाच्या जहाजाला वादळ चुकवलं की भागतं. शिडाच्या जहाजाला वादळ चुकवून वाराही शोधावा लागतो. हवामान शिकवणारी याहून कडक शाळा नाही. गोवा शिपयार्डने बांधलेली तीन डोलकाठ्यांची ‘तरंगिणी’ ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात आली आणि शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी ही शाळा सुरू झाली. २००३-०४मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२मध्ये ‘सुदर्शिनी’ जोडीला आली.

खरा कस लागला तो लहान नौकांवर. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ‘सागर परिक्रमे’चा ध्यास घेतला, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली आणि २००९-१०मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने जगाला वळसा घालून आले. नाविक, स्वयंपाकी आणि हवामानखातं, सगळं एकच माणूस!

आपल्या किनाऱ्यावर मतलई आणि खाऱ्या वाऱ्याचं वेळापत्रक कळलं की होडी बरीचशी निभावते. जगप्रदक्षिणेच्या वाटेवरच्या दक्षिण महासागरात मात्र कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात. पूर्वेला निघालेली नौका त्यांच्या उत्तर अंगाला राहिली तर वारा पाठीशी. दक्षिण अंगाला सापडली तर तोच तोंडावर. उपग्रहामार्फत वाऱ्याचे नकाशे मिळतात, पण वादळ नकाशातल्या वेळेलाच येईल असं नाही. म्हणून डोळा बॅरोमीटरवर. आकडा किती, यापेक्षा तीन तासांत तो किती उतरला हे महत्त्वाचं. शिवाय आपल्याकडचा ठोकताळा तिथे उलटा होतो: वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डावीकडे न राहता उजवीकडे. आणि शिडं आवरायची ती वारा चढण्याआधी. नंतर माणसाचं बळ पुरत नाही.

२०१७-१८मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणेला निघाल्या, तेव्हा हवामान आणि लाटांच्या रोजच्या नोंदी हा मोहिमेचाच भाग होता. अंदाज वापरणारी नौका आता अंदाजाला कच्चा माल पुरवू लागली. जहाजांची वर्दळ नसलेल्या दक्षिण महासागरात अशा नोंदींचं मोल मोठं.

२०२४-२५मध्ये नौदल अधिकारी दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच वाट पार केली. २९ मे २०२५ रोजी ‘तारिणी’ गोव्यात परतली. मान्सूनने त्यांना मागे टाकलं होतं. तो २६ मेलाच मुंबईत पोहोचला होता.