जुहूचे मैदान, वरून पाहिलेले

विमानतळाचा इतिहास लिहिणारे बहुधा जमिनीवर उभे राहून लिहितात. उद्घाटन कधी झाले, इमारत कोणी बांधली, धावपट्टी किती लांब वगैरे. वैमानिकाला मात्र तीच जागा वरून, काही मिनिटांत, डोळ्यांनी वाचावी लागते आणि तिथे फेरपरीक्षा नसते. म्हणून जुहूच्या विमानतळाची गोष्ट वैमानिकाच्या खिडकीतून सांगून पाहतो.

आज जुहू म्हटले की चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले आठवतात. १९२८ च्या सुमारास तिथे विमाने उतरू लागली, तेव्हा ते मुंबईबाहेरचे खेडे होते. माडांची रांग, कोळ्यांची वस्ती आणि समुद्राच्या पातळीला टेकलेली चिखलाची सपाट जमीन. त्या जमिनीलाच विमानतळ म्हणायचे!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचे, ‘पस मॉथ’ जातीचे, आणि आत सुमारे २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला बैलगाडीवरून आणलेले पेट्रोल भरले आणि दुपारी ते जुहूला उतरले. तिथून नेव्हिल विन्टसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. भारतीय विमान कंपनीची नियमित सेवा सुरू झाली ती अशी.

आता त्यांच्या जागी बसून पाहा. विमानात रेडिओ नाही, खाली वाट दाखवणारे दिवे नाहीत. उजव्या हाताला समुद्र, किनाऱ्याची रेघ, आणि त्या रेघेला लागून एक मोकळा तुकडा. तो डोळ्यांना सापडला की झाले, कारण आसपास त्याच्यासारखे दुसरे काही नव्हते. पावसाळ्यात मात्र हा तुकडा पाण्याखाली जाई. मग टाटांच्या विमानांना पुण्यात येरवड्याला बस्तान हलवावे लागे. वर्षातले काही महिने नाहीसा होणारा विमानतळ, बरं का!

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली आणि जुहू धाकटे भावंड झाले. दोन्ही विमानतळ जवळजवळ, मध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटर. शिवाय एक गंमत पाहा. धावपट्टीला तिच्या दिशेवरून क्रमांक देतात, होकायंत्रावरच्या अंशांना दहाने भागून. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०९, म्हणजे सरळ पूर्व. जुहूच्या मोठ्या पट्टीचा ०८. दिशेत फरक सुमारे दहा अंशांचा. समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्याला आधी जुहू लागते, मग सांताक्रूझ. लांबीत मात्र जमीनअस्मानाचा फरक. जुहूची पट्टी साधारण ११०० मीटर, सांताक्रूझची ३००० मीटरच्या पुढे.

व्हायचे ते झालेच. १९५३ साली ब्रिटिश कंपनी बीओएसीचे ‘कॉमेट’ हे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. दैव बलवत्तर, ते नंतर तिथूनच उडवून नेता आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानानेही तेच केले. ते मात्र पट्टी संपल्यावर पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. काही जण जखमी झाले, पण कोणी दगावले नाही, हे नशीबच.

हे वैमानिक अनाडी होते असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या भरवशावर १९३२ साली टाटा उतरले, त्याच भरवशावर हेही उतरले, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांच्या. बदलली होती ती जमीन. एकाच्या जागी दोन विमानतळ आले होते, चिखलाच्या जागी पक्की पट्टी आली होती आणि भोवती शहर पसरले होते. शोधणाऱ्या डोळ्याला हवे ते आधी दिसते, खरे काय ते मागाहून. इतिहास वाचतानाही आपले असेच होते, नाही का?

१९८२ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ विमान घेऊन कराचीहून पुन्हा जुहूला आले. पहिल्या खेपेला त्यांनी उघड्या माळातून विमानतळ शोधला होता. या खेपेला घरांच्या दाटीतून शोधायचा होता. तो त्यांना सापडला, कारण तेवढा तुकडा अजून मोकळा होता.

आज जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरांचे ठिकाण आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे तिथूनच जा-ये करतात. खालून पाहणाऱ्याला वाटते, मुंबईत एवढी जागा रिकामी कशाला? वरून पाहणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही. त्याच्या लेखी साऱ्या शहरात उपयोगाची जागा तेवढीच.